पी०१३५ आला म्हणून लगेच दोन्ही ऑक्सिजन सेन्सर बदलू नका

तुमचा प्रश्न नीट वाचला. २०१४ ची पेट्रोल हॅचबॅक, ८२ हजार किलोमीटर झालेत, चेक इंजिनचा पिवळा दिवा लागलाय, मायलेज १७ वरून १३ वर आलंय, स्कॅनरवर पी०१३५ हा एकच कोड आला आणि गॅरेजवाल्याने सांगून टाकलं की दोन्ही ऑक्सिजन सेन्सर गेलेत आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टरपण (धुरातले विषारी वायू कमी करणारा डबा) बदलावा लागेल. तुम्ही विचारलंय की हा सेन्सर असतो कुठे, सोसायटीच्या पार्किंगमध्ये आपला आपण बदलता येतो का, दोन्ही बदलायचे का, आणि शनिवारी कोल्हापूरला जायचंय तर गाडी न्यायची का.

पुण्यात धायरीला माझं गॅरेज आहे, वायरिंग आणि स्कॅनिंगचंच काम जास्त असतं, त्यामुळे असल्या गाड्या सारख्या येत असतात. गाडी माझ्यासमोर नाहीये, त्यामुळे पुढे बऱ्याच ठिकाणी "असं असेल तर असं" म्हणावं लागेल. पण एक गोष्ट आत्ताच सांगतो, एकट्या पी०१३५ वरून दोन सेन्सर आणि कन्व्हर्टर एवढं बिल निघूच शकत नाही.

आधी कोडचा अर्थ बघू. पी०१३५ म्हणजे बँक १, सेन्सर १ च्या हीटरच्या, म्हणजे सेन्सरला आतून तापवणाऱ्या कॉइलच्या, सर्किटमध्ये गडबड. तुमच्यासारख्या साध्या चार सिलिंडरच्या इंजिनाला बँक, म्हणजे सिलिंडरची रांग, एकच असते, सेन्सर १ म्हणजे कन्व्हर्टरच्या आधीचा, सेन्सर २ म्हणजे नंतरचा. आणि कोडमध्ये "सर्किट" म्हटलंय, सेन्सर नाही. सर्किट म्हणजे फ्यूज, रिले, वायर, कनेक्टर, सेन्सरच्या आतली हीटरची कॉइल आणि ईसीयूचं, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरचं टोक, सगळं आलं त्यात. सोसायटीच्या वॉचमनने "बी विंगमधून पाणी येतंय" सांगितलं म्हणजे कोणाच्या फ्लॅटचा नळ फुटलाय हे त्याने सांगितलेलं नसतं, वर जाऊन बघावंच लागतं, तसंच हे.

आता हीटर कशाला लागतो. हा सेन्सर सायलेन्सरच्या धुरातला ऑक्सिजन आणि बाहेरच्या हवेतला ऑक्सिजन यांची तुलना करून व्होल्टेज काढतो, मिश्रणात पेट्रोल कमी असेल तर ०.१ व्होल्टच्या आसपास, जास्त असेल तर ०.९ च्या आसपास. पण त्याच्या आतलं झिर्कोनियाचं सिरॅमिक साधारण ३०० डिग्रीच्या वर तापल्याशिवाय काम करत नाही. १९७६ साली बॉशने पहिल्यांदा हा सेन्सर गाडीत आणला तेव्हा त्यात हीटर नव्हताच, धुराच्या उष्णतेवर तापेल तेव्हा तापेल. आता हीटरमुळे गाडी सुरू केल्यावर थोड्याच वेळात तो कामाला लागतो. हीटर गेला की जुन्यासारखं होतं, सेन्सर तापेपर्यंत ईसीयू अंदाजाने पेट्रोल सोडत राहतो, आणि सिग्नलला गाडी पाच मिनिटं आयडलवर उभी राहिली की सेन्सर परत गार होऊ शकतो. म्हणजे कोथरूड ते डेक्कन असलं रोजचं छोटं, ट्रॅफिकमधलं चालवणं असेल तर त्याचा फटका जास्त बसतो, हायवेला फारसा कळतही नाही.

आणि इथेच मला शंका आहे. नुसत्या हीटरमुळे १७ चे १३ होणं मला जरा जास्त वाटतंय. थोडा वाटा पेट्रोलचा असणार. आता पंपावर ई-२० मिळतं, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल (ई-१० मध्ये १० टक्के), आणि नीती आयोगाच्या २०२१ च्या रोडमॅपमध्येच लिहिलंय की मुळात साध्या पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि ई-१० ला जुळवलेल्या चारचाकीत ई-२० वर मायलेज ६-७ टक्क्यांनी कमी होऊ शकतं. १७ चे ७ टक्के म्हणजे एक-सव्वा किलोमीटर गेला तिथेच. उरलेल्यासाठी टायरमधली हवा, एअर फिल्टर, आणि मागचे ब्रेक धरून ठेवतायत का हे बघा, गाडी चालवून आल्यावर चारही रिमजवळ हात नेऊन बघा, एखादं चाक बाकीच्यांपेक्षा खूप गरम लागलं तर ब्रेक अडकलाय. हे सगळं फुकटात होतं आणि लोक नेमकं हेच करत नाहीत, सेन्सर बदलून मोकळे होतात आणि मग म्हणतात मायलेज काही वाढलं नाही.

आता सेन्सर शोधायचा कसा. मॉडेल लिहिलेलं नाहीये त्यामुळे "डावीकडे वरती" असं मी सांगू शकत नाही, पण धुराचा रस्ता धरला की चुकत नाही. बॉनेट उघडा, इंजिनच्या एका बाजूला हवा आत जाते, म्हणजे एअर फिल्टरच्या डब्यातून येणारी जाड नळी जिकडे जाते ती बाजू. त्याच्या विरुद्ध बाजूला पत्र्याचं कव्हर असलेला एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनातला धूर बाहेर नेणाऱ्या पाइपांचा जोड, असतो, काही गाड्यांत रेडिएटरकडे, काहींत केबिनच्या बाजूला, आणि ही दुसरी तऱ्हा असेल तर हात घालायला जागा कमी. त्या मॅनिफोल्डवर किंवा त्याच्या लगेच खालच्या पाइपात स्पार्क प्लगएवढा, सहा कोनांचा, मागून चार वायरी निघालेला जो भाग घुसवलेला दिसेल तो सेन्सर १. तिथून पाइप पुढे गेला की जो फुगीर डबा लागतो तो कन्व्हर्टर, त्याच्या पलीकडे तसाच दुसरा सेन्सर, तो बऱ्याच गाड्यांत खालूनच दिसतो. पत्र्यामुळे सेन्सर दिसत नसेल तर वायर शोधा, गरम पाइपाकडून निघून वर कनेक्टरपर्यंत येणारी, जाळीचं किंवा काळं आवरण असलेली वायर त्याचीच.

सेन्सर सापडला की लगेच पाना लावू नका. आधी फ्यूज बघा. फ्यूज बॉक्सच्या झाकणावर किंवा मॅन्युअलमध्ये हीटरचा फ्यूज कुठला ते असतं, काही गाड्यांत त्याला वेगळं नाव नसतं, इंजिनच्या बाकी भागांबरोबर एकच फ्यूज असतो. इथे एक सोपा तर्क आहे, बऱ्याच गाड्यांत दोन्ही सेन्सरच्या हीटरला सप्लाय एकाच फ्यूजवरून जातो, त्यामुळे फ्यूज उडाला असता तर पी०१३५ बरोबर पी०१४१, म्हणजे सेन्सर २ च्या हीटरचा कोडपण यायला हवा होता. तुमच्याकडे एकटा पी०१३५ आहे, म्हणजे फ्यूजची शक्यता कमी आणि पहिल्याच सेन्सरची कॉइल किंवा त्याची वायर यांची जास्त. आणि दुसऱ्या सेन्सरबद्दल कोडने चकार शब्द काढलेला नाही, मग तो "गेलाय" हे गॅरेजवाल्याला कुठून कळलं ते त्यालाच विचारा.

मग कनेक्टर सोडवा, इंजिन गार असताना. सेन्सरकडच्या भागात चार वायरी असतील, त्यातल्या एकाच रंगाच्या दोन म्हणजे हीटर, बॉश आणि एनटीके कंपन्यांच्या सेन्सरमध्ये सहसा दोन्ही पांढऱ्या, डेन्सोच्या सेन्सरमध्ये सहसा दोन्ही काळ्या. मल्टीमीटर ओहमवर ठेवून या दोन वायरींच्या पिनांमध्ये रीडिंग घ्या. चांगल्या हीटरला गार असताना काही ओहम दाखवतो, ढोबळ ३ ते १५ च्या मध्ये कुठेतरी, नेमका आकडा गाडीप्रमाणे बदलतो. मीटर काहीच दाखवत नसेल, सर्किट उघडं असेल, तर कॉइल तुटलीये, सेन्सर बदला, विषय संपला.

रीडिंग ठीक आलं तर मात्र सेन्सरला हात लावू नका आणि गाडीच्या बाजूचा कनेक्टर तपासा. इथे नुसत्या मल्टीमीटरवर भरवसा ठेवू नका. मीटरला करंट लागतच नाही जवळजवळ, त्यामुळे वायरीचे दहा धागे तुटून एकच उरला असेल तरी तो खुशाल १२ व्होल्ट दाखवतो. इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब घ्या, दोन वायरी जोडा, इंजिन चालू ठेवून कनेक्टरच्या सप्लायच्या पिनेपासून बॅटरीच्या मायनसला लावा. लखलखीत पेटला तर सप्लाय खरा. निखाऱ्यासारखा लाल पेटला तर वायर कुठेतरी खाल्लेली किंवा सडलेली आहे. हिंजवडीकडच्या एका गिऱ्हाईकाची गाडी अशीच आली होती, दुसरीकडे नवा सेन्सर टाकून झालेला, दिवा तरी लागतोच. बल्ब लावला तर मंद. टेप सोडत गेलो तर बॅटरीच्या ट्रेखाली उंदराने वायर कुरतडलेली, तांबं हिरवं पडलेलं, दोन धाग्यांवर सगळं चाललेलं. पावसाळ्यात पार्किंगमधले उंदीर गरम इंजिनवर येऊन बसतात, पुण्यात हा प्रकार भरपूर आहे, त्यामुळे बॉनेटखाली लेंड्या किंवा कुरतडलेला इन्सुलेशनचा चुरा दिसतोय का ते आधी बघा. एक सावधगिरी, ईसीयूकडे जाणाऱ्या हीटरच्या दुसऱ्या वायरला थेट अर्थ किंवा प्लस देऊन बघू नका, ईसीयूच्या आतलं हीटर चालू-बंद करणारं सर्किट उडालं तर सेन्सर स्वस्त वाटेल. आणि बेसमेंटमध्ये इंजिन चालू ठेवून हे काम करू नका, धुरातला कार्बन मोनॉक्साइड वासाने कळत नाही, गाडी उघड्यावर काढा.

कन्व्हर्टरचं काय. ईसीयू कन्व्हर्टरची परीक्षा दोन सेन्सरच्या सिग्नलची तुलना करून घेतो, पुढचा सारखा वरखाली होतो, मागचा जवळजवळ स्थिर असला की कन्व्हर्टर काम करतोय. पण हीटरचा कोड असताना बहुतेक गाड्या ही परीक्षा घेतच नाहीत. म्हणजे तुमच्या गाडीत कन्व्हर्टर खराब आहे असं म्हणायला आत्ता काही आधारच नाहीये, तसा कोड पी०४२० असतो आणि तो आलेला नाही. गाडी वर ओढ घेत नसेल, पाइप चोंदल्यासारखी गुदमरत असेल, किंवा खालून खडखड येत असेल तर वेगळी गोष्ट. तरी कोणी बदलायलाच लावला तर जुना कन्व्हर्टर परत मागून घ्या, त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असतं आणि भंगारात त्याला चांगला भाव येतो. हे सगळ्यांना माहीत असतं, गिऱ्हाईक सोडून.

समजा कॉइल तुटली आहे असंच निघालं. नवा सेन्सर घेताना जुन्यावरचा नंबर बघून घ्या, गाडीच्या चॅसिस नंबरवरून कंपनीच्या डीलरकडेही भाग निघतो. नाना पेठेत गेलात तर जुना भाग किंवा निदान त्याच्या कनेक्टरचा फोटो हातात असू द्या, वायरची लांबी आणि कनेक्टर जुळला पाहिजे. बॉश, डेन्सो, एनटीके यांपैकी जो कंपनीने मुळात बसवला होता तोच घेतलेला बरा. पाव किमतीत ऑनलाइन मिळणारे घेऊ नका, खोक्यावर नाव तेच असतं पण आत काय आहे देव जाणे, आणि ईसीयूला हीटरचा रेझिस्टन्स थोडा जरी वेगळा वाटला तरी तोच कोड परत. वायर कापून जोडायचे "युनिव्हर्सल" सेन्सर मी टाळतो. कारण हा सेन्सर बाहेरची हवा स्वतःच्या वायरींच्या आतूनच घेतो, सोल्डर केलं किंवा कनेक्टरमध्ये ग्रीस भरलं की त्याचा श्वास बंद होतो आणि मग तो खोटं बोलायला लागतो. आणि नव्या बीएस६ गाड्यांमध्ये पुढे पाच-सहा वायरींचा वाइडबँड सेन्सर असू शकतो, त्याला वर सांगितलेली ०.१-०.९ व्होल्टची भाषा लागू नाही, तुमच्या २०१४ च्या गाडीत बहुतेक चार वायरींचा साधाच असणार.

काढायचं काम सोपंही आहे आणि कठीणही, सगळं आट्यांवर अवलंबून आहे. षटकोन बहुतेक २२ मिलिमीटरचा असतो, आटे सहसा एम१८, दीड पिचचे. दहा वर्षं पाइपात बसलेला असल्यामुळे आदल्या रात्री आट्यांच्या मुळाशी गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. दुसऱ्या दिवशी इंजिन दोन-चार मिनिटं चालवून पाइप कोमट करा, म्हणजे हातमोजा घालून धरता येईल इतपत, लालबुंद नको, कोमट असला की आटे सुटायला सोपे जातात. वायरीसाठी खाच असलेला ऑक्सिजन सेन्सरचा सॉकेट मिळतो, तो घ्या किंवा कोणाकडून आणा. नसेल तर, नवा सेन्सर हातात आल्यावर आणि कनेक्टर जुळतोय याची खात्री झाल्यावरच, जुन्याची वायर कापून टाका, मग साधा २२ चा रिंग पाना नाहीतर खोल सॉकेट वरून बसतो. ओपन पान्याने मात्र जोर लावू नका, षटकोन गोल झाला की काम तिप्पट.

एक झटका दिला आणि सुटला तर उत्तम. सुटून अर्धा फेरा येऊन अडकायला लागला तर थांबा, परत आत फिरवा, तेल मारा, परत बाहेर, असं पुढे-मागे करत काढा, नाहीतर मॅनिफोल्डचे आटे सोबत घेऊन येईल. अजिबातच हलत नसेल तर मी सांगेन गाडी सायलेन्सरवाल्याकडे न्या, तो गॅसने नट तापवून काढेल, आणि आटे गेले तरी नवा नट वेल्ड करून देईल. घरी टॉर्च घेऊन पेट्रोलच्या पाइपांजवळ हे करू नका. दुसरा सेन्सर असो की पहिला, खालून काम असेल तर नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली शिरायचं नाही, स्टँड लावा, सपाट जागा, चाकांना दगड.

काढलेल्या सेन्सरच्या टोकाकडे बघा, फेकून देण्याआधी. काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त जात होतं. पांढरट थर असेल तर कूलंट जळत असू शकतं किंवा कोणीतरी इंजिनला सिलिकॉनचा सीलंट भरपूर चोपडलाय. राखाडी-तपकिरी राख म्हणजे ऑइल खातंय. यातलं काही असेल तर आधी ते दुरुस्त करा नाहीतर नवा सेन्सरही तसाच जाईल. टोक स्वच्छ आणि तरी हीटर तुटलेला असेल तर वय झालं म्हणायचं, नाहीतर गरम पाइपावर एकदम गार पाणी बसलं असेल. पावसात सबवेमध्ये साचलेल्या पाण्यातून गाडी काढली होती का यंदा? तापलेल्या सिरॅमिकला ते सहन होत नाही.

नव्याच्या आट्यांवर कंपनीनेच अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारी पेस्ट) लावलेलं असतं, नसेल तर अगदी थोडं फक्त आट्यांना लावा, टोकाला लागू देऊ नका. सेन्सर हातातून पडला तर तो बसवू नका, आतलं सिरॅमिक तडकलेलं बाहेरून दिसत नाही. घट्ट करताना वायर पिळली जाते, त्यामुळे आधी उलट दिशेला चार-पाच पीळ देऊन ठेवा, बसेपर्यंत सरळ होईल. हाताने शेवटपर्यंत फिरवा, मग पाना, टॉर्क रेंच असेल तर साधारण ४० न्यूटन-मीटर. वायर जुन्याच क्लिपांमधून न्या, मॅनिफोल्डला टेकली तर महिन्याभरात वितळलेली दिसेल.

मग कोड क्लिअर करा. ब्लूटूथचा साधा ओबीडी डोंगल (कोड वाचणारं छोटं यंत्र) आणि मोबाइलवरचं ॲप यासाठी पुरतं, स्टिअरिंगखाली पोर्ट असतो. इंजिन गरम झाल्यावर सेन्सर १ चं व्होल्टेज ०.१ ते ०.९ मध्ये भराभर नाचताना दिसलं पाहिजे, आणि फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयू पेट्रोल किती वाढवतोय-कमी करतोय तो आकडा, १० टक्क्यांच्या आत, अधिक किंवा उणे. ई-२० मुळे ट्रिम थोडी अधिककडे झुकलेली दिसली तर घाबरू नका, इथेनॉलला हवेच्या मानाने जास्त इंधन लागतं आणि चांगला सेन्सर तेच दुरुस्त करतोय. अधिक २० वगैरे दिसली तर सेन्सरच्या आधी मॅनिफोल्डच्या गॅस्केटमधून हवा आत येतेय का बघा, बाहेरची हवा आत शिरली की सेन्सरला वाटतं पेट्रोल कमी पडतंय.

सीएनजी किट आहे का ते तुम्ही लिहिलं नाहीये. बाहेरून बसवलेलं असेल तर वर म्हटलेलं सगळं करायच्या आधी किटवाल्याने सेन्सरच्या वायरींना कुठे जोड दिलाय ते शोधा, जुन्या किटमध्ये सिग्नलची वायर सोलून त्यातून टॅप घेतलेला असतो आणि टेपखाली तो जोड सुटलेला सापडतो.

राहिलं कोल्हापूर. दिवा नुसता लागून राहिलाय, गाडी झटके देत नाहीये, काळा धूर नाहीये, टेंपरेचर नॉर्मल आहे, तर बिनधास्त जा. हायवेला धूर सतत गरम असल्यामुळे हीटर नसला तरी सेन्सर तापलेला राहतो, तुमची गाडी सिंहगड रोडपेक्षा तिकडे बरीच शहाण्यासारखी चालेल. पण खंबाटकीच्या चढावर किंवा कुठेही दिवा लुकलुकायला लागला तर तो मिसफायर आहे, न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो खरोखरच जळेल, पाय काढा, बाजूला घ्या आणि तशीच पुढे रेटू नका. हीटरचं रीडिंग तेवढं निघायच्या आधी घेऊन ठेवा, कॉइल तुटलेली निघाली तर भाग शुक्रवारीच सांगून ठेवता येईल आणि तुम्ही परत येईपर्यंत तो दुकानात आलेला असेल.